डावा कोपरा: पाहिला

चित्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा
त्यातलं आकाश चहाच्या रंगाचं होतं.
पिवळं पडलेलं वार्निश, वर कुठल्याशा क्लबातल्या
चिरुटांचा धूर, दोनेक पिढ्यांचा.
वार्निशला द्रावण लागतं,
पण काजळीला थुंकीसारखं औषध नाही.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, फिरवायचा.
हसू नका. याचाच मला पगार मिळतो.

लंडन, कर्जबुडव्यांचा तुरुंग, अठराशे सव्वीसचा उन्हाळा.
उंच भिंत, माथ्यावर सळयांचे दात,
आणि भिंतीपुढं बाह्या सारून रॅकेट खेळणारे तिघं.
पाठीमागं, कापडावर, चित्रकाराच्या हातची यादी,
पेन्सिलीनं, वाण्याच्या चिठ्ठीसारखी:
जेथ्रो पेलो, टोपीवाला. अठ्ठेचाळीस पौंड.
सायलस क्रमी. दुसऱ्यासाठी सही केली. दोनशे दहा.
अँब्रोज. एक जोड बूट, आणि व्याज.
सगळ्यात खाली, अक्षर बारीक करून:
मी. रंगवाल्याची उधारी. तेवीस.

पेलोनं उडी मारलीय.
दोन्ही टाचा जमिनीपासून वीतभर वर,
आणि एवढ्या वीतभर उंचीवर
तो कुणाचंच काही लागत नाही.
क्रमीचं पोट सुटलंय, तो नुसताच ओरडतोय.
बाकावर बिअरचा मग, त्यात एक माशी (खरी, रंगवलेली, मी तपासलं).
कोट सांभाळत उभं एक पोर, आतच जन्मलेलं असावं;
त्याच्या तोंडावर तर स्पष्ट दिसतं,
की भिंत असते ती चेंडूसाठीच.

सगळे वर बघतायत.
डावीकडं, सळयांच्या वर, जिथं
मोहरीएवढा एक पांढरा ठिपका आहे.

आठवडाभर मी त्याला चेंडू म्हणत होते.
मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडा दिसल्या,
फुटक्या बशीच्या असतात तशा.
तो रंग नव्हता. रंग तिथून पडला होता,
आणि खालचं अस्तर, खडू आणि सरस, उघडं पडलं होतं.
क्ष-किरणातही काही नाही.
त्यानं चेंडू काढलाच नव्हता.

विसरला असेल. किंवा कुणी अचानक पैसे भरून
त्याला सोडवून नेलं असेल.
किंवा चेंडू केव्हाच भिंतीपलीकडं गेला,
पलीकडं पडला की बाद, असा त्यांचा नियम असणार,
आणि हे सगळे, खेळ थांबवून,
गल्लीतून जाणाऱ्या एखाद्या फेरीवाल्याला
तो परत फेकायची बुद्धी होते का, ते बघतायत.
पण मग पेलोनं उडी कशाला मारली?

ओल्वेन म्हणते, भर. पडझड भरायची असते,
नियम तिनंच मला शिकवला.
मी आकाश कालवलं: तीन राखाडी, किंचित गेरू,
चहाचा अंशही नाही.
तीन केसांचा ब्रश भिजवला.
पेलो हवेतच होता.
खाली जाऊन सँडविच खाऊन आले.
रंग वाळला होता. पुन्हा कालवला.
फोन आला. पुन्हा वाळला.

शुक्रवारी अहवाल द्यायचा होता.
वार्निश: काढलं. कापड: ताणलं. माशी: मूळची.
डावा कोपरा: पाहिला.