फिरतं ते माणसाचं

रात्री वीज गेली ती पहाटे आली.
नांदेडचा मे, एसी बंद, कॅमेऱ्याची खोली तव्यासारखी,
आणि बाहेर बाकावर रात्रीपासून उपाशी तीन जण.
मी कोबाल्टची पाटी कपाटातच राहू दिली.
रोज आधी ती कॅमेऱ्यापुढं धरायची असते,
सगळीकडं सारखा पडणारा उजेड,
त्यात कुठं खळगा दिसतो का बघायला.
म्हटलं, उद्या.

पहिले मुंजाजी सोनखेडकर, रिटायर पोस्टमन.
हृदयाच्या खालच्या भिंतीला डाग.
मग देगलूरच्या हलीमाबी,
बांगड्या विकतात, स्वतःच्या काढायला तयार नाहीत.
डाग.
तिसरा विश्वंभर, तालीम चालवतो,
टेबलावर मावेना.
तिथंच. तेवढाच.

एका सकाळी तीन हृदयं
एकाच शिवणीवर कशी उसवतील?

कच्ची चित्रं ओळीनं फिरवली.
कॅमेरा छातीभोवती फिरतो तसं
हृदय चौकटीत सरकत जातं, लहान होतं, फिकट होतं.
ठिपका मात्र जागचा हलेना.
माणसाचं दुखणं माणसाबरोबर फिरतं.
न फिरणारं, बघणाऱ्याचं.

पाटी काढली.
एका डोक्यातल्या एकोणसाठ नळ्यांतली एक
गपगार झोपलेली.

मुंजाजी निघून गेले होते, रिपोर्टसकट.
छातीत अजून औषध उजळत होतं,
सहा तासांत अर्धं होणारं,
आणि फोन लागेना.
पाचव्यांदा उचलला: "लोह्याच्या गाडीत बसलोय की ओ, खिडकी मिळालीय."
"उतरा," मी म्हटलं, "तुमचं काही चुकलेलं नाही, आमचं चुकलंय."

दुसऱ्या, चांगल्या डोक्यानं एकट्यानं काम केलं,
दुप्पट वेळ.
मुंजाजींची भिंत कोरी.
"मग सकाळी काय दिसलं हो?"
मी सांगितलं.
बटणं लावत थोडा वेळ गप्प.
"म्हणजे पत्ता माझा, टपाल दुसऱ्याचं."

विश्वंभरचंही साफ. तो हसला नाही,
एक फोन करायला बाहेर गेला.
वहीत रोजच्या चाचणीचा रकाना रिकामा होता.
त्यात लिहिलं: केली नाही. खाली सही.

हलीमाबींची खालची भिंत स्वच्छ निघाली.
पण वर, टोकाजवळ,
आधी माझं लक्षच गेलं नव्हतं अशी
एक पुसट जागा.

मी ती फिरवून पाहिली.
पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदाही.

फिरत होती.