तूट

सुटीवर आलेल्या कलिंदर तडवीनं
सॅक आणून थेट आमच्या वजनकाट्यावर ठेवली.
सावद्याच्या रस्त्याला दुपार अशी तापलेली
की काट्याचं लोखंड हात लावू देत नव्हतं.
"लिही," म्हणाला, "मोहिमेवर नेतो तेवढं भरू."

मी वही उघडली. पीलबागाच्या घडांचं पान.

रायफल घरी आणता येत नाही.
तिच्या जागी सायबूचाचांनी केळीच्या फण्या ठेवल्या,
चार किलो होईस्तोवर.
"गोळ्या एकशे वीस."
वरणगावच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पॅकिंगला असलेली
हूरमा आत्या बाजेवर शेंगा फोडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"एक गोळी बारा ग्रॅम. एक किलो चारशे चाळीस.
मॅगझिनचं लोखंड वेगळं."
आणखी फण्या. एक केळ जास्त भरत होतं,
ते तिनंच उठून तोडलं.

पाणी चार लिटर.
तिकडं नाले भरून वाहतात, पण कोणता प्यायचा
हे दुसऱ्या दिवशी पोट सांगतं, म्हणून
गोळ्यांची एक बाटली. या गोळ्या पाण्यातलं मारायच्या.
चणे, गूळ. मोजे तीन जोड,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन गाठी.
"आपलं ऊन बरं रे भो. घाम वाळतो तरी.
तिथं सत्तेचाळीस नसतं, चौतीसच,
पण हवा अंगावर ओल्या गोधडीसारखी.
बुरशी आधी बुटाला येते, मग बोटांना."
पावडरचा डबा. मिठाची पुडी. तंबाखू.
सायबूचाचांनी भुवया चढवल्या.
"खायला नाही बाबा. भिजवून बुटांना फासतो. जळवांसाठी."
"जळवांची चैन आहे," चाचा म्हणाले,
आणि स्वतःची डबी सॅकमध्ये रिती केली.

शेवटी हिरव्या कापडाची घडी, कडेला फास शिवलेले.
"हे?"
"दोन बांबू तोडून यातून घातले की डोली होते."
"कोणाची?"
"वाहायची पाळी यंदा माझी आहे."

आकडे थांबले. सव्वीस किलो सातशे.
"म्हणजे एक चांगला घड," चाचा म्हणाले.
तीस वर्षं त्यांनी बागेतून घड काढले,
डाव्या खांद्यावर चीक इतका काळा बसलेला
की ईदच्या सदऱ्यालाही तो आतून लागतो.
"आता परत येतानाचं. व्यापारी दांड्याची तूट धरतो,
तशी कितीक धरायची?"

कलिंदरनं पाणी काढलं. चणे काढले. तंबाखू.
फण्यांपाशी आला.
एक उचलली. दुसरी उचलली.
दुसरी परत ठेवली.
आत्याच्या बोटांत शेंग न फुटता राहिली.
हिरव्या घडीला त्यानं हात लावला नाही.
"ही कधी अशीच येते," म्हणाला,
"कधी चौघांत येते. मग तुझ्या काट्यावर मावायची नाही."

तुटीच्या रकान्यात मी पेन टेकवून बसलो.
तिथं नुसता ठिपका मोठा होत गेला.

चाचा बागेत गेले, वाळकं पान घेऊन आले,
घडी घालून गादी केली, डाव्या पट्ट्याखाली सरकवली,
आणि पोराच्या कमरेचा पट्टा
बैलाची जोती आवळावी तसा ओढला.
"वझं कमरीवर घे. खांदा नुसता सोबतीला."
"दीडशे ग्रॅम वाढले," मी म्हणालो.
"ते नको लिहू."

रायफल आणि गोळ्या
आत्यानं घरी नेऊन गवतात दडपल्या.
कच्च्याच होत्या. पिकल्या शनिवारी.
कलिंदर गुरुवारीच रावेरहून गाडीत बसला होता.