राहणार

खिडकी उघडली की मंत्रालयाची मागची भिंत.
तिच्या एसीचं पाणी आमच्या गल्लीत ठिबकतं,
मांजरं पितात, आणि त्याच धारेखाली
परकारभाईंची पुदिन्याची कुंडी.

मनामातली ही जुनी घरं प्रवाळाच्या दगडाची.
गिलावा सुटला की आत शिंपले.
बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट.
चौदा वर्षं मी समुद्राला पाठ टेकून झोपतो.

रात्री वारा सुटला
की झेंड्याची दोरी खांबावर वाजते, टण्, टण्.
दापोलीहून आलेल्या बायकोने पहिल्याच रात्री विचारलं,
एवढ्या उशिरा कुणाकडे आरती?

दिवसा मी टायपिंगच्या दुकानात
लोकांचे अर्ज अरबीत, उजवीकडून.
महोदय, विनंती की.
महोदय, कृपा व्हावी.
बोटं नम्र झालीत, मी तेवढा नाही.

परवा गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगा
दारावर लाल रंगाने ४१ लिहून गेला.
वारसा आहे, म्हणाला, जपणार.
घर जपणार.
परकारभाई हसले, सरकारी काम, सहा महिने थांब.
मग कुंडी उचलून आत नेली.

अर्ज माझा मीच करायला बसलो,
कच्चा, मराठीत.
नाव लिहिलं. खाली सवयीने 'राहणार'
आणि तो शब्द
बराच वेळ भविष्यकाळात वाचत राहिलो.

चाळीस पावलांवर खिडकी क्रमांक सहा.
त्यांच्या नमुन्यात तिथे
नुसता पत्ता मागतात.