वरचा भोपळा

खंडेनवमी.
खुरपं, विळा, कोयता, संग्रामचे पाने-पकडी
सगळं धुऊन पाटावर मांडलंय,
विळीलासुद्धा आज हळद-कुंकू आणि सुट्टी.
उद्या शिलंगण, घरी अठरा पानं,
आणि परसातलं सगळं मला
नुसत्या हातांनी खुडायचंय.

घेवडा बरा. देठाशी टक् वाजतो आणि येतो.
दोडका पिरगाळावा लागतो.
मिरची दोन बोटांत सुटते, पण मग
डोळ्याला हात लावायचा नाही,
हे मला बावीस वर्षं लक्षात राहिलेलं नाही.
आळूची पानं मोजून घेते, चौदा,
कोवळी दोन ठेवते, मुळाला सोबत.

राहिला भोपळा.

तो आम्ही लावलेला नाही.
श्रावणात चिखलीत पाणी शिरलं
तेव्हा आम्ही सोनतळीला पत्र्याखाली होतो,
चार म्हशी, दोन ट्रंका, एक आजारी रेडकू.
परतलो तर परसात गुडघाभर गाळ,
भिंतीवर माझ्या खांद्याएवढी रेघ,
आणि जर्मनचं मोठं पातेलं गायब,
वीस माणसांच्या आमटीचं,
आईनं लग्नात दिलेलं.

भादव्यात त्याच गाळातून
दोन जाड पानं वर आली.
हे म्हणाले, "उपट. घाण पाण्याचं काय खायाचं?"
मी हो म्हटलं आणि विसरले.
वेल न्हाणीच्या पत्र्यावर चढला,
तिथून तारेवर, तारेवरून तानूमावशीच्या कुडावर.
तीन भोपळे धरले. हिरव्यावर पांढरे पट्टे,
बसकट, पाट्यासारखे.
आमच्या गावात असं बी कुणाकडंच नाही.
मावशीनं नखानं टिचकी मारली,
कान लावला, म्हणाली,
"वरचा हाय ह्यो. आपल्यातला न्हवं."

वरचा म्हणजे कुठला?
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
चारही आमच्याच दारात येऊन मिळतात.
पाचवी सरस्वती गुप्त आहे,
ती काही भोपळे आणत नसावी.
वर कुठंतरी कुणा बाईनं
बिया राखेत घोळल्या असतील,
शेणाच्या गोवरीत दाबून
गोठ्याच्या भिंतीला थापल्या असतील,
पुढच्या साली लावू म्हणून.
आणि मग ती भिंतच.

देठ हातानं तुटेना.
हे आले, दोन पाय रोवून उभे राहिले,
पिळला, ओढला, भोपळ्यासकट मागं बसले.
धोतर झाडत म्हणाले,
"पातेलं गेलं, भोपळा आला. हिशेब मिटला."
मी काही बोलले नाही.
पातेलं माझं होतं, भोपळा कुणाचा
ते अजून कळलेलं नाही.

आता कापायचा कशानं?
कोयत्याला उद्यापर्यंत हात लावायचा नाही.
संग्रामनं उचलला, म्हणाला, "आई, सर,"
आणि पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर
कोहळा फुटतो तसा
धुण्याच्या दगडावर सोडला.
दोन कोंबड्या, एक मांजर, तानूमावशीची नात,
सगळे एकदम धावले.
आतून इतका केशरी निघाला
की पोरगी म्हणाली, "ह्याला कुणी रंगवलं?"

म्हणजे उद्या पुरणपोळी आहेच,
शिवाय गूळ घालून भोपळ्याचे घारगे,
घेवडा, आळूची वडी,
दोडक्याच्या शिरांची चटणी, तिखट,
कारण पुण्याच्या जावेला ती सोसत नाही
आणि तरी ती दोनदा मागते.
कटाची आमटी दोन लहान पातेल्यांत करावी लागेल.
एकीत मीठ जास्त होणार, मला माहीत आहे.

खाली शिरोळकडं कुठंतरी
गाळातून कुणाला एक पातेलं सापडलं असेल.
बुडाशी पोचा आहे, डाव्या कडीजवळ.
चिंचेनं घासलं तर निघतं.
उद्या तिच्याही घरी माणसं असतील.

बिया धुतल्या. निसटतात, मोजता येत नाहीत.
राखेत घोळल्या, गोवरीत दाबल्या,
आणि गोवरी थापायला भिंतीशी गेले.
रेघ अजून तिथंच आहे.
स्टूल आणलं,
रेघेच्या वर, हात पोचेल तितक्या वर थापली.