अविवा, पुढं काय?

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू खिडकीत
कारकुनानं लिहिलं 'अविवा'
आणि पेन वर धरून थांबला.
'पुढं? अविवाहित?'
मी अकरा दिवसांची होते.
वडील म्हणाले, 'पुढं काही नाही. एवढंच.'
'नाव हाय का अर्धा शब्द?'
रांगेत कुणीतरी हसलं.
वी दीर्घ हवी, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
दाखल्यावर ती अजून ऱ्हस्वच आहे.

वडील, अमोस खरात, जालन्याच्या मोंढ्यात मापाडी.
दिवसभर कोपरापर्यंत पोत्यात हात,
रात्री म्हाताऱ्या पाळकांच्या ओसरीवर हिब्रू,
उजवीकडून डावीकडं,
जसा बैल तास संपल्यावर वळतो.
सोळा अक्षरं झाली आणि पाळक वारले.
राहिलेली सहा वडिलांना कधी आली नाहीत.
माझ्या नावाला लागणारी सगळी
पहिल्या दहात होती.

शाळेत बाईंनी अर्थ विचारला.
'वसंत,' मी म्हणाले.
'मग सरळ वासंती नाही का ठेवायचं?'
आईचंही तेच म्हणणं,
शिवाय, 'वसंत म्हणं!
आपल्याकडं वसंतात टँकर येतो.'

पौषातल्या एका रविवारी, उपासना झाल्यावर,
मला सायकलच्या दांडीवर बसवून
वडील मामाच्या रानात घेऊन गेले.
गूळभेंडीचं एक कणीस वाकवलं,
दाणा नखानं दाबला.
पांढरा चीक नखावर आला.
'हे बघ. फुलं नाही, कोकीळ नाही.
दाण्यात दूध भरलंय, अजून दगड झाला नाही.
तिकडं सातू असा झाला की त्याला अवीव म्हणायचे.
मग त्या महिन्याला म्हणू लागले.
ऋतू लई मागून आला, आयतं नाव घेऊन.'

आगटीत मामानं कणसं खुपसली होती.
वडिलांनी तळहातावर चोळली, फुंकली,
कोंडा माझ्या डोळ्यात गेला.
'म्हणजे मी हुरडा?'
'हुरडा,' ते म्हणाले. तोंड भरलेलं होतं,
दाढीला लसणाची चटणी.

आता सत्तेचाळीस पूर्ण.
बदनापूरच्या आरोग्य केंद्रात नर्स,
दर वर्षी तोच फॉर्म भरते:
नाव, अविवा. वैवाहिक स्थिती, अविवाहित.
एकाखाली एक.
कारकून चुकला नव्हता,
जरा लवकर बोलला, एवढंच.

नवीन बाळंतिणी नाव सुचवा म्हणतात.
मी माझं सांगत नाही.
एकदा एकीनं हट्टानं अर्थ विचारला,
तिला वसंत सांगून मोकळी झाले.
गारांचं सांगितलं नाही.

मी नववीत होते, माघ होता.
लिंबाएवढ्या गारा, दहा मिनिटं, फार तर बारा.
मामाच्या रानात उभं काही राहिलं नाही.
बांधावर चिमण्या पडल्या होत्या,
आणि पत्र्याच्या शेडमधून
मामी कुणाला तरी हाका मारत होती
जो तिच्या शेजारीच उभा होता.

वडील चिखलात उतरले.
कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले,
'हा शब्द शास्त्रात पहिल्यांदा येतो ना,
तो गारपिटीतच येतो.
सातू गेला, कारण तो अवीव होता.
गहू वाचला. मागास होता.'

आई बांधावरून ओरडली,
'म्हाईत होतं, तर लेकराला असलं नाव कामून ठिवलं?'

वडिलांनी मान वर केली नाही.
आडव्या ताटांतून एक कणीस उचललं,
सदऱ्याला पुसलं,
एक दाणा दाबला,
आणि नख माझ्यापुढं धरलं.