इतर

क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात जानेवारीत
आमच्यासारख्यांची गर्दी होते,
उत्तरेत बर्फ उपसून पाठ मोडलेल्या म्हाताऱ्यांची.
शेजारच्या लोवेलची आरव्ही शाळेच्या बसएवढी.
कागदपत्रं मात्र बुटांच्या एका खोक्यात,
आणि खोकं कुठं आहे ते त्याला उद्या आठवेल.

मी तेहतीस वर्षं काढली मोंटानातल्या एका कौंटीच्या दप्तरखान्यात.
जन्म, मृत्यू, जमिनी, गुरांवरच्या डागण्या.
एका माणसाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला
अकरा दिवस लागले होते,
आणि चूक माझी होती.

म्हणून या अठ्ठावीस फुटांत कागद म्हणून ठेवत नाही.
सगळं टॅबलेटमध्ये.
त्याची नक्कल बिस्किटच्या खाण्याच्या डब्यामागच्या ड्राइव्हमध्ये,
तिची नक्कल मुलीकडे, बिलिंग्जला.
सिग्नल मिळाला तर क्लाउडवरही,
पण या आभाळात ढगाचं नाव काढायची सोय नाही.

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वस्तू.
२०२१-०४-०९-मागचं-डावं-टायर.
२०२२-११-३०-बिस्किट-रेबीज.
असं नाव दिलं की फायली आपल्या आपण रांग धरतात.
युमाजवळ पोलिसानं विम्याचा कागद मागितला,
त्यानं गॉगल काढेपर्यंत कागद त्याच्या नाकासमोर होता.
"बाई," तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात येता का?"

ओरिनचं सगळंच उलटं.
तो लिहायचा पावत्यांच्या पाठीवर,
कानामागची पेन्सिल काढून, कागद स्टीअरिंगवर टेकवून,
आणि पावती खोचून द्यायचा वरच्या उन्हाच्या झापडीत.
हे कुठल्या फोल्डरात घालू, विचारलं
की म्हणायचा, "इतर."
तो गेला त्या मार्चमध्ये मी ती झापड उघडली नाही.
पुढच्याही नाही.
ऊन डोळ्यांवर घेत चालवत राहिले.

काल लोवेल खोक्याचं रडगाणं घेऊन आला.
बाबा रे, अशा जागी बघ, जिथं हात सहज जातो,
असं म्हणत मी त्याला माझी झापड ओढून दाखवली.
त्रेचाळीस पावत्या मांडीत.

पंपावरच्या पावतीला शाई नसते.
ती उष्णतेनं उमटते आणि उष्णतेनंच जाते.
पुढची बाजू कोरी. गाव नाही, गॅलन नाहीत, तारीख नाही.
मागे पेन्सिल जशीच्या तशी.

"इथल्या नळाला गंजाची चव. पुन्हा भरायचं नाही."
"उतारावर दुसरा गिअर."
"व्हर्लाला सांगायचं नाही: बंपर."
(चार वर्षं मी त्या बंपरसाठी
ओमाहाच्या एका पार्किंगला शिव्या देत आलेय.
तशी फाइल आहे. फोटोंसकट.)
"पहाटे चार. पाइप गोठला. ती झोपलीय. बघतो मीच."

लोवेल कधी उठून गेला, कळलं नाही.

रात्री एकेक पावती टेबलावर चापून दोन्ही बाजूंनी स्कॅन केली.
पान एक रिकामं आहे, ॲप म्हणालं, वगळू?
नको.
पान एक रिकामं आहे, वगळू?
नको म्हटलं ना.
त्रेचाळीस वेळा.

मग नाव.
आधी वर्ष, आणि वर्ष तर उन्हानं नेलेलं.
बोट बराच वेळ हवेत राहिलं.
शेवटी टाकलं ०००० आणि पुढे ००, ००,
आणि "पाइप".
सेव्ह केल्यावर बघते तर
शून्यांनी सुरू होणाऱ्या फायली
विम्याच्या, टायरच्या, माझ्या पासपोर्टच्याही आधी,
सगळ्यात वर जाऊन बसलेल्या.
मी त्यांना खाली ढकललं नाही.

सकाळी दारावर थाप.
खोकं सापडलं, लोवेल म्हणाला, ओव्हनमध्ये होतं.
पेटवला नव्हतास ना?
तो जरा वेळ विचार करत उभा राहिला.