स्टेपनी

अँबेसेडर भंगारात गेली त्या दिवशी
आबांनी डिकीतून एवढंच काढून घेतलं.
म्हणाले, हिला रस्ता दाखवायचा राहिला.

बावीस वर्षं बेळगाव-पणजी, पणजी-बेळगाव.
चोर्ल्याची सगळी वळणं हिनं अंधारात मोजली,
वर कधी फणस, कधी नवरीची ट्रंक,
एकदा बाजल्याला बांधलेलं मढं.
पंक्चर झालं की आबा कणकुंबीच्या चढावर
घाम गाळत तोच टायर जोडायचे,
हिला हात लावायचे नाहीत.
अडीनडीला असू दे, म्हणायचे.

आज जांबोटीत, आमच्या अंगणात,
माझ्या अ‍ॅव्हेंजरचं मागचं चाक उताणं पडलंय
आणि शेजारी ही. नक्षी कोरी.
रिम पंधराची, हिच्यावरही पंधराच कोरलेलं.
बाकी काहीच जुळत नाही.
बाजूला केसाएवढ्या भेगा.
नखानं उकरून पाहिल्या,
पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही.

जुना टायर सुटेना.
प्रज्ञाला वर उभी केली, बावन्न किलो.
"नाच जरा."
"बाबा, सगळी बघालेत."
बघालेतच. लुमाण्णा सायकल थांबवून,
शेवंता दारातून, हातात खरकटं पातेलं :
"साबण सगळा तिकडं गेला,
भांडी आता टायरनं घासू काय?"

मग बसलिंग आला, वेल्डिंगवाला, कित्तूरकडचा.
त्याला मराठी येतं, चिडला की येत नाही.
मडगार्डचा ओठ ग्राइंडरनं कापताना येत होतं.
चेन आणि टायर यांच्यात
पोस्टकार्ड जाईल एवढी फट उरली, तेव्हाही येत होतं.
तिसऱ्यांदा टॉमी निसटून अंगठ्यावर बसली
आणि त्यानंतरचं सगळं कन्नडात.

एका बाजूनं घालावं तर दुसऱ्या बाजूनं बाहेर.
गुडघ्यानं दाबलं, टाचेनं दाबलं,
सोप हच्च्री, सोप!
मी फेस ओतला, त्यानं टॉमी उपसली,
कड रिमवरून घरंगळली आणि तो ओरडला,
आत!

त्याच्या भाषेत : झालं.
माझ्या भाषेत : आत.
दोघंही बरोबर होतो, हे असं
या तालुक्यात रोज होत नाही.

पायपंप मी मारला. प्रज्ञा मोजत होती कन्नडात,
सोमवारी पेपर आहे तिचा.
इप्पत्तु, मूवत्तु, नल्वत्तु,
मग फट्ट करून कड बसली
आणि कोंबड्या पेंढीमागं.

सरळ रस्त्याला राजा माणूस.
खड्डा विचारत नाही, गाडीच पुढं जाते.
पण वळण आलं आणि कळलं,
मोटारसायकलचा टायर पाठीला गोल असतो,
कलायला त्याला कड असते.
हिची पाठ सपाट, पाटासारखी.
कल म्हटलं तर कलत नाही.
हँडल दाबलं, अंग टाकलं, मनातून शिव्या दिल्या,
नाल्याच्या कठड्यापाशी पोटात गोळा आला,
तेव्हा कुठं वळली, आणि वळून झाल्यावर
स्वतःहून सरळ झाली, माझ्या आधी.
चार चाकांवर राहायला शिकलेली.
तिला पडण्याची भीतीच माहीत नाही,
ती सगळी माझ्याकडं.

परत आलो तर आबा कट्ट्यावरून उतरून उभे.
वाकले. कमरेवर हात ठेवून, हळू.
खाचेत एक खडा अडकला होता,
त्यांनी खिशातली किल्ली काढून तो उचकटला,
तीच किल्ली, जिची गाडी आता नाही.
तळव्यावर घेऊन बघितला.

"लागली रस्त्याला," म्हणाले.
"मग आता डिकीत काय?"

मोटारसायकलला डिकी नसते, आबा.
दोनदा सांगितलं.
त्यांना ऐकू कमी येतं, किंवा
तेव्हा आलं नसेल.